पंपातली पुडी आणि डोक्यावरची पुडी



औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण बघा. तांबडा असेल तर सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. हे सांगत मी गेली तीस वर्षे बांधाबांधाने हिंडलो. कृषी विस्तार अधिकाऱ्याचे ते कामच आहे. पण ज्या सकाळी मी हे सांगायला घराबाहेर पडत असे, त्याच सकाळी न्हाणीत एक बाटली डोक्यावर रिकामी करून येत असे. त्या बाटलीवर काय लिहिले आहे हे मात्र मी कधी वाचले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो मला एका आजीबाईंनी दाखवला.

पाच-सहा वर्षांपूर्वीची, पौषातली गोष्ट. येवल्याकडच्या एका गावात कांद्यावर फुलकिडे आले होते, म्हणून आम्ही शिवारफेरी ठेवली होती. कांद्याची पात तुम्हाला ठाऊकच आहे, गुळगुळीत आणि मेणचट. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावे तसे पातीवरून औषध घरंगळते. त्यासाठी त्यात स्टिकर मिसळावे लागते. एका तरुण शेतकऱ्याने स्टिकर आणले नव्हते. त्याने खिशातून शाम्पूची पुडी काढली, दाताने फाडली आणि सरळ पंपात पिळली. मी त्याला थांबवले. म्हटले, शाम्पू काही पिकासाठी केलेला नाही, त्याचे पिकासाठी प्रमाण ठरलेले नाही, जास्त झाला तर पात करपेल. मग सवयीप्रमाणे थोडे शास्त्रही सांगितले. पुडीत फेस करणारे द्रव्य असते, ते पाण्याचा ताण मोडते, त्यामुळे पाणी मेणचट पातीवर पसरते आणि तेलकटपणा सोडवते.

बांधावर त्या पोराची आजी बसली होती. ती म्हणाली, "साहेब, पातीवरच्या मेणावर ह्याचा एवढा अंमल चालतो, तर आमच्या नातीच्या डोईचं काय होत असंल वो? ती तर सारखी लावती."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "आजी, ते लगेच धुवून जातं. काही होत नाही." विषय तिथेच मिटला. पण मोटारसायकलवरून परत येताना मनाला टोचणी लागली. मी जे सांगितले ते खरे होते की नाही, हे मलाच माहीत नव्हते. आणि नेमकी तेव्हाच माझ्या टोपीखाली खाज सुटली होती.

माझ्या डोक्याची कथा

ती खाज नवी नव्हती. दोन वर्षे मी तिला कोंडा समजत होतो. धुळीतले काम म्हणून रोज डोक्यावरून न्हायचो आणि रोज शाम्पू लावायचो. खाज थांबेना तशी बाटली बदलायचो. एक झाली, दुसरी झाली, मग औषधी म्हणून तिसरी आणली. शेवटी कानामागची कातडी सोलवटून लाल झाली तेव्हा तालुक्याच्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "पंधरा दिवस डोक्याला काही लावू नका. कोमट पाण्याने धुवा. मग बघू."

घरी येऊन मी प्रथमच बाटली उजेडात धरली आणि भिंगाने लेबल वाचले. पहिले नाव पाण्याचे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटक लिहावे लागतात आणि जो पदार्थ जास्त तो आधी, असा त्यांचा क्रम असतो. म्हणजे बाटलीत सर्वांत जास्त काय, तर पाणी. त्यानंतर सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे तोच फेस करणारा, पाण्याचा ताण मोडणारा पदार्थ. आपल्या स्टिकरचा भाऊबंदच म्हणा. पुढे साधे मीठ होते. मिठाने हे पातळ द्रावण दाट होते, आणि दाट दिसले की माल चांगला असे आपण समजतो. मग रंग. मग 'सुगंध' हा एकच शब्द, ज्याच्या पोटात पुष्कळ पदार्थ असू शकतात. आणि शेवटी माल टिकवणारी द्रव्ये.

त्या शेवटच्या गटात एक नाव होते मिथाइलआयसोथायाझोलिनोन. या द्रव्याने काही लोकांच्या कातडीला वावडे येते. अशा तक्रारी फार वाढल्यावर युरोपात, जी क्रीमे अंगावर तशीच राहतात त्यांत हे द्रव्य वापरण्यास बंदी झाली, आणि धुवून टाकायच्या वस्तूंत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांवर आणले गेले. माझी खाज त्यानेच होती असे मी म्हणणार नाही, कारण तशी चाचणी मी केलेली नाही. एवढेच खरे की पंधरा दिवसांत लाली गेली आणि महिन्याभरात खाज थांबली.

रसायन म्हणजे विष नव्हे

आता तुम्ही म्हणाल, साहेब म्हातारपणी रसायनांच्या मागे लागले. तसे नाही. पाणीही रसायनच आहे आणि मीठही. भिऊन चालणार नाही; विचारावे मात्र लागेल. म्हणून शाम्पूची चांगली बाजू आधी सांगतो.

ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, त्यांनी डोक्याला साबण लावून पाहिला असेल. फेस येत नाही आणि केसांत चिकट कीट बसते. पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून तो साका होतो. शाम्पूचा तसा होत नाही. दुसरे असे की अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि कातडीचा साधारण ५. माती परीक्षणाच्या कागदावर सामू साडेआठच्या वर गेला की आपण जमीन चोपण होत चालली म्हणून कपाळाला हात लावतो. तोच ९-१० चा साबण रोज डोक्याला चोळणे काही शहाणपण नव्हे. त्या मानाने शाम्पू सौम्य ठरतो.

मग आजीच्या प्रश्नाचे उत्तर काय? फवारणीच्या प्रशिक्षणात मी एक तक्ता दाखवत असे. पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक अंगाच्या कोणत्या भागातून किती शोषले जाते, याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला होता. हाताच्या कोपराखालच्या भागातून जेवढे औषध आत जाते, त्याच्या सुमारे पावणेचार पट टाळूवरून जाते आणि चारपटीहून थोडे जास्त कपाळावरून. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर हा तक्ता मी गावोगाव दाखवला आणि "डोक्याला फडकं बांधा" म्हणून घसा कोरडा केला. पण ती टाळू माझ्याही डोक्यावर आहे, हे ध्यानात आले नाही.

शाम्पू म्हणजे पॅराथिऑन नव्हे. तो दोन मिनिटांत धुतला जातो आणि त्यातले पदार्थ वेगळे आहेत. आठवड्यातून एकदा-दोनदा लावणाऱ्या धडधाकट माणसाला त्याने काही बिघडते असे मी म्हणणार नाही. पण टाळू म्हणजे काही पत्रा नव्हे. तिचे स्वतःचे तेल असते आणि ते तिचे पांघरूण असते. रोज फेस करून ते पांघरूण ओढून काढले, तर नाजूक कातडी कोरडी पडते, खाजते, सोलवटते. आजीने विचारले होते ते हेच. माझे "काही होत नाही" हे अर्धेच उत्तर होते.

आईची बरणी

यात माझा आणखी एक अपराध आहे, तोही सांगून टाकतो.

आमच्या घरी शिकेकाईची चिनी मातीची बरणी होती. आई आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हायची. आदल्या रात्री शेंगा आणि रिठे भिजत घालायची, सकाळी बंबाशेजारच्या चुलीवर उकळायची. १९९५ साली नोकरी लागली. पहिल्या पगारात मी आईला लुगडे घेतले आणि शाम्पूची एक मोठी बाटली आणली. म्हटले, "आता हा पाला-पाचोळा टाक. मी बीएस्सी झालो, लोक काय म्हणतील?" ती काही बोलली नाही. बरणीत पुढे लोणचे भरले गेले. आई आता नाही, आणि तिचे प्रमाण मी कधी विचारूनच घेतले नाही. माझ्या थोरल्या बहिणीला जेवढे आठवले तेवढ्यावर आज आमचे चालले आहे.

गंमत बघा, जी वस्तू मी साहेबी म्हणून आणली तिचे नावच आपल्याकडचे. चांपणे, चेपणे, चंपी हे शब्द आपण बोलतो, त्याच घराण्यातल्या हिंदी 'चांपो'चा इंग्रजांनी शाम्पू केला. पाटण्याचा साके दीन महंमद हा गृहस्थ १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटन गावी जाऊन लोकांचे अंग चेपून देण्याचे स्नानगृह चालवू लागला आणि पुढे तिथल्या राजांचा 'शाम्पूवाला' म्हणून नावाजला. चेपण्याचे नाव पुढे धुण्याच्या द्रवाला चिकटले आणि बाटलीत बसून आपल्याकडे परत आले. ती बाटली गरिबाला परवडेना, तेव्हा तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी छोट्या पुडीची कल्पना काढली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली चिक शाम्पू काढला आणि पुडी खेडोपाडी पोहोचली. गरिबालाही चार घटका चांगले वाटावे, ही कल्पना वाईट नव्हती. आज मात्र नांगराच्या फाळाला मातीऐवजी पुड्याच अडकतात. त्या कुजत नाहीत आणि भंगारवालाही घेत नाही. चारचौघांच्या घरात आठवड्याला बारा पुड्या धरल्या तरी वर्षाच्या सव्वासहाशे होतात. गाव दोनशे उंबऱ्यांचे असेल तर हिशोब तुम्हीच करा.

पण जुने ते सगळे सोने, असेही मी म्हणणार नाही. मी तिसरीत असताना डोक्यात उवा झाल्या. आईने शेतातली उरलेली दहा टक्के बीएचसीची भुकटी माझ्या केसांत चोळली आणि रात्रभर फडके बांधून ठेवले. तेव्हा घरोघरी असेच करत. उवा मेल्या, आणि दैव बलवत्तर म्हणून मी राहिलो. १९९७ साली त्याच बीएचसीवर देशात बंदी आली. आईचे चुकले, तसे माझेही चुकले. ती भुकटी शेतासाठी होती म्हणून तिने विचारले नाही; बाटली शहरातली होती म्हणून मी विचारले नाही.

कीड बघून फवारणी, मळ बघून न्हाणे

एक कीड दिसली की पंप उचलू नका, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा, असे आम्ही तुम्हाला सांगतो. तोच नियम मी आता डोक्याला लावला आहे. मळले तर धुवायचे. जेवढ्याने निघेल तेवढेच लावायचे. फेसाने मळ निघतो हाही आपला भ्रम आहे. फेस कमी आला म्हणून स्वच्छता कमी होत नाही.

पहिले तीन आठवडे कठीण गेले. केस तेलकट चिकटून बसले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मीटिंगला टोपी काढू नका म्हणजे झालं." चौथ्या आठवड्यात डोके जागेवर आले. आता आठवड्यातून दोनदा शिकेकाईने न्हातो, एरवी नुसते पाणी.

आमचे प्रमाण असे: एका डोक्यासाठी शिकेकाईच्या सहा-सात शेंगा तोडून, तीन-चार रिठे बिया काढून आणि आवळकाठीचे चार तुकडे रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे, निवल्यावर हाताने कुस्करून फडक्याने गाळावे. मेथीदाणा चमचाभर घातला तर केस मऊ राहतात. डोळे घट्ट मिटून लावावे, कारण रिठा डोळ्यांत गेला की आग होते. निसर्गाचे म्हणून ते निरुपद्रवी नसते. पूर्वी आदिवासी बांधव हिंगणबेटाच्या फळांनी डोहातले मासे गुंगवत, ते अशाच फेसाळ द्रव्याच्या जोरावर.

हे पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते. तेव्हा मला बाटलीतल्या टिकवणाऱ्या द्रव्यांचे कोडे उलगडले. रोजच्या रोज घुसळलेल्या ताकाला टिकवण्याची गरज नसते. दोन वर्षे दुकानात बसणाऱ्या पाण्याला असते. आपल्याला ताजे करणे जमत असेल तर त्या द्रव्यांची गरजच उरत नाही. न्हाणीतले हे पाणी आमच्या मागच्या केळीला जाते आणि केळी मजेत आहे.

हे जमत नसेल तर शाम्पू वापरा, पण कमी वेळा, कमी आणि पाण्यात कालवून. बाटलीवर शिकेकाईचे चित्र असले तरी लेबल वाचा. बहुतेक वेळा फेस करणारे द्रव्य तेच असते आणि शिकेकाई यादीच्या तळाशी सापडते.

या गोष्टी मात्र विसरू नका

फवारणी करून आल्यावर माझी ही गोष्ट बाजूला ठेवा. त्या दिवशी साबण किंवा शाम्पू लावून, भरपूर पाण्याने डोक्यापासून पायापर्यंत धुवायचेच. कपडेही वेगळे धुवायचे.

मुलांच्या उवांना शेतातले कोणतेही औषध लावू नका. सीताफळाच्या बियांची पूडही नको; ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. तेल लावून बारीक दातांच्या फणीने रोज विंचरा आणि डॉक्टरांकडून उवांचे औषध घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मला त्याच आजींच्या घरी कळली. गेल्या वर्षी मुद्दाम त्या गावी गेलो. म्हटले, "आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय." नात नववीत होती. तिला शाम्पूची पुडी आणायला सांगितली आणि घटक मोठ्याने वाचायला लावले. पोरगी हुशार, अडखळत का होईना सगळे वाचले. मग आपणहून कोनाड्यातून एक डबी घेऊन आली. म्हणाली, "ह्याच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही, काका." आठवडे बाजारातली गोरे होण्याची क्रीम होती. कारखान्याचे नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, घटक नाहीत. चार महिन्यांपासून ती रोज रात्री चेहऱ्याला लावत होती.

माझ्या छातीत धस्स झाले. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशाच क्रीमा लावणाऱ्या लोकांना मूत्रपिंडाचे विकार झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्या क्रीमांत पारा निघाला होता. पाऱ्याने रंग उजळतो खरा, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला धरतो. आपल्या कायद्याने प्रसाधनात पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. म्हणूनच अशा डबीवर नाव-गाव नसते. या डबीत काय होते हे मला सांगता येणार नाही, पण जे सांगता येत नाही ते लेकराच्या तोंडाला कशाला लावायचे? पोरीची लघवी तपासून घ्या, असे मी तिच्या बापाला सांगितले. तपासणी निर्दोष आली, असा पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

निघताना आजी म्हणाली, "म्या शाम्पूचं इचारलं होतं, सायेब. निघालं भलतंच."

खरे आहे. तिने तो प्रश्न बांधावर केला नसता, तर मी भिंग हातात घेतले नसते आणि त्या घरी परत गेलो नसतो. तेव्हा मंडळी, औषधाच्या डब्याला विचारता तेच प्रश्न आज आपल्या न्हाणीतल्या नि कोनाड्यातल्या वस्तूंना विचारा. हे काय आहे? कोणी केले? मला ते हवे आहे का? किती आणि किती वेळा? अक्षर बारीक असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेले नसेल, ती आजच घराबाहेर काढा.